पहिल्या तेरांतला नागरिक

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प. फक्त एक. गेल्या वर्षी अकरा केले होते, एकही टिकला नाही. चूक संख्येची होती, माझी नव्हे.

यंदा मार्चच्या ग्रामसभेत मी ईस्ट हार्लो गावचा सभापती होणार. हॉलिस टिफ्ट हा गृहस्थ तेवीस वर्षं तो लाकडी हातोडा धरून बसलाय. का? तर दुसरं कोणी उभंच राहत नाही म्हणून. यंदा देश अडीचशे वर्षांचा होतोय, आणि इथे व्हर्माँटच्या डोंगरात एक माणूस राजासारखा खुर्चीला चिकटून आहे. याचसाठी का आपल्या पूर्वजांनी इंग्रजांना हाकललं?

सभापतीला सगळ्यांच्या पुढे उभं राहायला मिळतं. माईक असतो. अख्खं गाव दिवसभर समोर बसलेलं असतं आणि मध्येच उठून जात नाही, कारण दुपारचं जेवण तिथेच असतं. मी इतकी वर्षं मागच्या रांगेतून बोलतोय. जरा कुठे रंगात येतो, तोच हॉलिस म्हणतो, ऑरिन, आभारी आहोत, आता इतरांना. इतरांना! इतरांकडे सांगण्यासारखं आहे काय?

रात्री जेवताना बायकोला संकल्प सांगितला. व्हर्ना म्हणाली, बरं.

घरचा पाठिंबा पक्का.

६ जानेवारी, मंगळवार

माझी पात्रता. एकतीस वर्षं इथल्या हायस्कुलात ड्रायव्हिंग शिकवलं. गावातल्या निम्म्या लोकांना रिव्हर्स मी शिकवलाय. या माणसांनी एकदा जीव माझ्या हाती दिला होता, मग मत द्यायला काय जातंय?

आज दाढी करताना एक विचार सुचला. गाडी चालवायला लायसन्स लागतं. मासे धरायला लागतं. मग ग्रामसभेत तोंड उघडायला का नको? कुणीही उठतो, बोलतो. राज्यघटना कशाशी खातात ते ठाऊक नाही, आणि गावच्या पुलावर मत देतात.

ठराव मांडणार: सभेत बोलू इच्छिणाऱ्यानं आधी देशाच्या इतिहासाचे आणि कारभाराचे दहा प्रश्न सोडवावेत. सहा आले तर बोला, नाहीतर मुकाट्यानं बीन्स खा.

लायब्ररीतून पुस्तिका आणली. परदेशातून आलेल्यांना नागरिक व्हायला परीक्षा द्यावी लागते, तिची. फुकट मिळाली. दोन आणल्या.

१४ जानेवारी, बुधवार

दुकानात स्टोव्हजवळ बसलेल्यांची पाहणी केली. निकाल हादरवणारा.

ल्यूथर पेकला विचारलं, सरकारच्या तीन शाखा कोणत्या? ल्यूथर माझा शाळेपासूनचा मित्र, मेपलचा पाक करून विकतो. म्हणाला, रस्ते, शाळा आणि कुत्र्यांची लायसन्सं. दुसऱ्याला विचारलं, सिनेटरची मुदत किती? तो म्हणाला, मरेपर्यंत. दुकानदारीणबाईंना विचारलं, सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती? त्या म्हणाल्या, ऑरिन, तू काही घेणारेस की नुसता ऊब खाणारेस?

अर्धा डझन डोनट घ्यावे लागले. लोकशिक्षणाला खर्च येतोच.

ल्यूथरनं मात्र शब्द दिलाय. सभेत माझं नाव तोच सुचवणार. म्हणाला, तू मला गाडी शिकवलीस, मी तुला विसरेन होय? डोळे भरून आले. (स्टोव्हचा धूर.)

२२ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी व्हर्नानं पुस्तिकेतले प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. विणता विणता विचारते, तिला तेवढंच ज्ञान.

इंग्रजांविरुद्ध उठून हा देश बनवणाऱ्या मूळच्या तेरा वसाहतींपैकी काहींची नावं सांगा, असा एक प्रश्न आला. मी म्हटलं, व्हर्माँट, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया. तिनं पुस्तिकेत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, व्हर्माँट? नक्की? मी म्हटलं, अगं, आमचे स्टॉडर्ड या डोंगरात तेव्हापासून आहेत. आमच्या ईथन ॲलनची पोरं इंग्रजांचे किल्ले जिंकत होती तेव्हा नदीपलीकडचे न्यू हॅम्पशायरवाले बटाटे सोलत होते. ती म्हणाली, उत्तर बघणार का? मी म्हटलं, स्वतःच्या आईचं नाव कुणी पुस्तकात बघतं का?

तिनं पान उलटलं.

३१ जानेवारी, शनिवार

प्रचाराचा फलक ठरला. मजकूर माझा, अक्षर व्हर्नाचं, तिचा हात चांगला आहे.

"आपण पहिल्या तेरांतले! अडाणी राहू नका. ऑरिन स्टॉडर्ड, सभापतिपदासाठी."

व्हर्ना ब्रश हातात धरून म्हणाली, पहिली ओळ अशीच ठेवायची? मी म्हटलं, तोच तर प्राण आहे. रंगात बुडवून पुन्हा म्हणाली, ऑरिन, एकदा बघून घे ना. मी म्हटलं, बाई, तू रंगव, इतिहास मी बघतो.

सुंदर झालाय. पिकअपच्या मागे उभा करून बांधला. रस्त्यावरून जाताना लोक बघतात आणि हसतात. गावात उत्साह आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

ग्राउंडहॉग हा बिळातला प्राणी दर वर्षी आजच्या दिवशी हवामान सांगतो. त्याला आपली सावली दिसली. आणखी सहा आठवडे हिवाळा. त्या प्राण्याचीही कुणी कधी परीक्षा घेतलेली नाही, पण अख्खा देश त्याचं ऐकतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

गावाचा वार्षिक अहवाल पोस्टानं आला. दर वर्षी तो गावातल्या एखाद्या थोर माणसाला अर्पण करतात, मुखपृष्ठावर फोटो असतो. यंदा सभापतिपदाचा उमेदवार, माजी शिक्षक वगैरे म्हणून माझा असेल, असा अंदाज होता. निळा कोटही मी इस्त्री करून ठेवला होता, फोटो मागायला कुणी आलं तर असावा.

यंदाचा अहवाल बर्फ काढायच्या जुन्या ट्रकला अर्पण केलाय. फोटो समोरून. "निष्ठेनं सेवा केली, फारसा आवाज केला नाही."

तो ट्रक चालवणाऱ्याला मी शिकवलंय. एका शब्दानं उल्लेख नाही. हा पहिला घाव. इथे नोंदवून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी कचरा टाकायच्या आवारात प्रचार. आमच्याकडे शनिवारी सगळं गाव तिथे भेटतं. चर्चला न येणाराही कचरा घेऊन येतो. मी बाटल्यांच्या डब्याजवळ पिकअप लावली, फलक दिसेल अशी. प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारला. काहींनी कचरा गाडीतच ठेवून परत नेला. विचार करायला वेळ हवा असणार.

हॉलिस आला. दोन पिशव्या टाकल्या. फलकासमोर उभा राहून वाचला, पुन्हा वाचला. गुडघे चोळत म्हणाला, ऑरिन, अक्षर फार छान आलंय. मग हळूच म्हणाला, एकदा गावच्या क्लार्कबाईंना दाखवून घे बरं का, बर्निसला. अजून वेळ आहे.

आलं लक्षात. मजकुरात खोड काढून फलक उतरवायचा डाव आहे. त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. मी म्हटलं, फलक राहील. तो म्हणाला, तुझी मर्जी, आणि गेला.

बायकोसाठी व्हॅलेंटाइनचं कार्ड आणायचं राहिलं. देशकार्यात असं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

वॉशिंग्टनचा जन्मदिवस. आजच्या दिवशी एक थोर निर्णय घेतला.

मी स्वतःला मत देणार नाही. सभ्य माणूस स्वतःचं नाव लिहीत नाही. माझं मत मी हॉलिसला देणार. पराभूताचा मान राखावा. एक मत कमी झाल्यानं मला काय फरक पडतो? व्हर्ना, ल्यूथर, शिवाय माझे विद्यार्थी. शंभराच्या आसपास माणसं येतात, ऐंशी तरी माझी.

हॉलिसला वाईट वाटू नये म्हणून नंतर त्याला कुंपणं पाहणाऱ्याचं पद देईन. आमच्या गावात ही जुनी पदं अजून आहेत, लाकूड तपासणारा, कोळसा तोलणारा. कामं उरली नाहीत, पदं उरली. म्हाताऱ्यांना बरं वाटतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

निवडून आल्यावरचं भाषण तयार. पहिले इंग्रज वसाहतकार उतरले त्या प्लिमथच्या खडकापासून सुरू होतं आणि गावच्या पुलावर येतं. व्हर्नाला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून एकाग्रतेनं ऐकत होती. क्रांतियुद्ध संपायच्या आत तिचं विणकाम मांडीवरून खाली पडलं, इतकी ती गुंगली होती.

२ मार्च, सोमवार

हवा अचानक निवळली. रात्री थंडी, दिवसा ऊन. ल्यूथरचा फोन आला की मेपलच्या झाडांना रस सुटेल बहुतेक. मी म्हटलं, उद्या सुटता कामा नये. तो म्हणाला, झाडांना सांगून बघतो.

निळा कोट. फलक सभागृहाच्या दाराशीच लावणार.

३ मार्च, मंगळवार, सकाळ

सभागृह भरलंय. बायका विणकाम घेऊन, पुरुष बुटांचा चिखल घेऊन. मागच्या टेबलावर हॅम, बीन्स, ॲपल पाय. सगळ्यांनी फलक वाचला. बर्निसबाई चष्मा पुसून परत वाचून आत गेल्या.

ल्यूथर उठला, म्हणाला, मी ऑरिन स्टॉडर्डचं नाव सुचवतो, यानं मला गाडी शिकवली, बिचारा अजून जिवंत आहे. टाळ्या. मी हात उंचावला, तोवर ल्यूथरनं टोपी घातली. कानाशी येऊन म्हणाला, रस सुटलाय रे, भट्टीवर कढई ठेवून आलोय, आणि गेला. मत न देता! अरे, कढई उतरवून यायचं!

मी हात वर करून नव्हे, चिठ्ठ्यांनी मतदान मागितलं. लोकांना हॉलिससमोर माझ्यासाठी हात वर करायला संकोच वाटू नये म्हणून. त्याला सात जणांचा पाठिंबा लागतो म्हणे. चार उभे राहिले. हॉलिसच म्हणाला, अरे, उठा कुणीतरी, माणसानं रीतसर मागितलंय. मग तिघं उठले.

मी चिठ्ठीवर ठरल्याप्रमाणे हॉलिसचं नाव लिहिलं. मोठ्या मनानं. सुवाच्य.

दुपार, जेवणाच्या वेळी

हॉलिस टिफ्ट: एक्याण्णव. ऑरिन स्टॉडर्ड: एक. बाद: एक. (त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "हॅम थंड होतंय.")

एक.

ऐंशी विद्यार्थी. ज्यांच्या शेजारी बसून मी ब्रेक दाबला, नाहीतर ते आज मत द्यायला जिवंत नसते. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते आज कळलं, आणि तेही सामुदायिक.

पण ते एक मत. जगात एक तरी आपलं माणूस असतं. मी पंगतीतून व्हर्नासाठी ॲपल पायचा मोठा तुकडा आणला. तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, कळलं मला. ती म्हणाली, काय कळलं? आणि तुकडा खाल्ला.

दुपार, जेवणानंतर

ठराव मांडला. बर्निसबाई म्हणाल्या, "इतर विषयां"त असा ठराव बंधनकारक होत नाही. मी म्हटलं, विवेकाला बंधनकारक होईल. लोक हसले. हॉलिसनं हातोडा आपटला, म्हणाला, ऑरिनला बोलू द्या, त्याचा तो हक्क आहे. मला त्याची दया नकोय.

तेवढ्यात मागून माझाच एक विद्यार्थी, दोनदा नापास झालेला, उठून म्हणाला, सर, गाडी शिकवताना तुम्ही आधी स्वतः चालवून दाखवायचात. परीक्षेचंही आधी तुम्हीच दाखवा ना. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, आनंदानं! बर्निसबाईंकडे मीच दिलेली पुस्तिका होती. हॉलिस म्हणाला, ऑरिन, द्यायलाच हवी असं नाही हं. मी म्हटलं, विचारा.

बाईंनी पान उघडलं. विचारलं, मूळच्या तेरा वसाहतींपैकी एक सांगा.

मी छाती भरून श्वास घेतला. म्हटलं, व्हर्माँट!

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. विणकामाच्या सुया थांबल्या. बर्निसबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, नाही रे ऑरिन. आपण चौदावे. आधी आपलं आपण स्वतंत्र होतो, न्यू यॉर्कशी भांडत. तेरांत न्यू हॅम्पशायर आहे.

न्यू हॅम्पशायर!

माणसानं कुणावर विश्वास ठेवावा? विद्यार्थ्यांवर नाही, मित्रावर नाही, ठीक. पण स्वतःच्या राज्यावरही नाही? सत्तर वर्षं या मातीत राहिलो, हिचा चिखल उपसला, आणि ऐन वेळी ही चौदावी निघाली.

ठरावावर मत घेताना दोन बाजूंना उभं राहायला सांगितलं. बाजूनं असणारे खिडकीकडे, विरोधातले स्टोव्हकडे. मी खिडकीपाशी. इकडेतिकडे पाहिलं. सगळं गाव स्टोव्हकडे. गावाच्या मधोमध व्हर्ना, लोकरीचा गोळा काखेत. मी नजरेनं विचारलं. तिनं तिथूनच सांगितलं, खिडकीशी गार वारं येतं.

शेवटी जुनी पदं. ल्यूथर परत आला होता, अंगाला पाकाचा वास. उठून म्हणाला, कोळसा तोलणाऱ्याच्या पदासाठी ऑरिन स्टॉडर्ड. गावात कोळसा जाळत कोणी नाही. हॉलिसनं विचारलं, बाजूनं? अख्खं सभागृह ओरडलं, हो! एकमतानं. सगळ्यात मोठा आवाज व्हर्नाचा.

रात्र

घरी येताना पिकअपमध्ये मी विचारलं, ते एक मत तरी तुझंच ना?

ती म्हणाली, नाही. हॉलिसला दिलं.

पूल ओलांडला. मग म्हटलं, घरभेदी. ती म्हणाली, ऑरिन, सभापतीला सभेत बोलता येत नाही, ठाऊक आहे ना? मत मांडता येत नाही, वाद घालता येत नाही. दिवसभर तिथे उभं राहून दुसऱ्यांना बोलू द्यायचं असतं. हॉलिस तेवीस वर्षं तेच करतोय. तू दहा मिनिटांत फुटला असतास.

हे पुस्तिकेत कुठेही दिलेलं नाही.

मी म्हटलं, आणि तो फलक? महिनाभर गावभर फिरवला मी. सगळ्यांना माहीत होतं! ती म्हणाली, तीनदा विचारलं तुला. बाकीच्यांना वाटलं, तू स्वतःच शोधून काढशील. शिक्षक आहेस ना.

मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, रंगवताना ब्रश दोनदा खाली ठेवला होता मी. उद्या सगळे तुला हसतील म्हणून रात्री झोप लागायची नाही. आज ते हसले नाहीत, ते पाहिलंस का?

पाहिलं. पण मला या क्षणी न्याय हवा होता, समजूत नको होती.

४ मार्च, बुधवार

कुणाशीही बोलणार नाही. देशाशीसुद्धा.

फलक गोठ्यात उलटा ठेवला.

दुपारी पुस्तिकेतली यादी तीन वेळा मोजून पाहिली. न्यू हॅम्पशायर खरंच आहे.

८ मार्च, रविवार

हॉलिस आला. सभेतलं बीन्सचं भांडं घासून परत द्यायला. मी दार उघडणार नव्हतो. व्हर्नानं उघडलं, बसवलं.

टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, ऑरिन, ते एक मत माझं होतं. तुला सांगावं असं वाटलं. माझी आई म्हणायची, माणसानं स्वतःचं नाव लिहू नये. दुसरं नावच नसायचं, म्हणून तेवीस वर्षं मत न देताच राहिलो. यंदा पहिल्यांदा लिहायला नाव मिळालं. बरं वाटलं बघ.

म्हणजे सगळ्या गावात माझ्या बाजूनं एकच माणूस, आणि मी त्यालाच पाडायला निघालो होतो. आता त्याचा धड रागही करता येत नाही. तेवढं एक उरलं होतं, तेही त्यानं नेलं. मी म्हटलं, माझंही मत तुलाच होतं. तो इतका हसला की गुडघा धरावा लागला.

मग म्हणाला, हे गुडघे आता दिवसभर उभं राहू देत नाहीत. पुढच्या वर्षी मी नाही.

 कोटाचं बटण लावलं. एक वर्ष म्हणजे पुष्कळ. तेराच्या तेरा पाठ होतील, आणि न बोलायचंही शिकता येईल, रोज थोडं थोडं. मी उठून म्हटलं, हॉलिस, गावाची इच्छाच असेल तर मी...

तो टोपीकडे बघायला लागला. म्हणाला, अरे, मी सभा संपल्यावर व्हर्नाला विचारलं, पुढच्या वर्षी तू उभी राहशील का. चाळीस वर्षं तुझं ऐकून घेतलंय तिनं, तिच्याइतका सराव गावात कुणाला नाही. ती म्हणाली, बरं.

बरं!

मी सुरू केलं. म्हटलं, घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, पण इथे आधी वासे फिरले, मग घर. म्हटलं, मी या देशासाठी डोनट विकत घेतले. म्हटलं, प्लिमथच्या खडकापासून आजपर्यंत कुठल्याही नवऱ्याला...

व्हर्नानं लाकडी चमचा टेबलावर आपटला. फार जोरात नाही. म्हणाली, श्रीयुत स्टॉडर्ड, आभारी आहोत. आता इतरांना.

इतर म्हणजे हॉलिस. तो म्हणाला, कॉफी आहे का?

मी बसलो.